बत्तीसशे लिहिलंय ना

आमच्या ह्यांचे हात गेले, असं कंपनीने एका दुपारी ठरवून टाकलं. गेले म्हणजे तुटले नाहीत. जागच्या जागी आहेत, दहाही बोटं शाबूत. पण परीक्षेच्या यंत्राने सांगितलं की हा माणूस आता क्रेन चालवायच्या लायकीचा राहिलेला नाही, आणि यंत्राने सांगितल्यावर कोण बोलणार? मी बोलणार. मी तेव्हाही बोलले आणि आजही बोलतेय, ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं.

आम्ही दोघंही गोदीत क्रेन चालवतो. हे सात नंबरवर, मी नऊवर. जहाजातून कंटेनर उचलायचा, वरच्या आडव्या तुळईवरून धावणाऱ्या ट्रॉलीने धक्क्यावर आणायचा आणि खाली उभ्या असलेल्या ट्रेलरवर असा टेकवायचा, की ड्रायव्हरच्या हातातला चहा हिंदकळू नये. ऐकायला सोपं आहे. मेख आहे ती हेलकाव्यात. ट्रॉली थांबली तरी दोरांना लटकलेलं ओझं थांबत नाही. ते पुढे जातं, मागे येतं, परत पुढे जातं. नवशिका काय करतो, तर गोगलगायीसारखी ट्रॉली नेतो, थांबतो आणि झोका आपोआप मरायची वाट बघत बसतो. जुना माणूस वाट बघत नाही. झोक्याच्या टोकाला ओझं क्षणभर थबकतं, नेमकं तेव्हा तो ट्रॉली पुढे नेऊन त्याच्या डोक्यावर उभी करतो. झोका तिथल्या तिथे संपतो. आम्ही ह्याला ओझ्याला गाठणं म्हणतो. क्षण साधला तर साधला. चुकला तर आपल्याच हाताने झोका दुप्पट होतो.

हे गाठणं मला आमच्या ह्यांनीच शिकवलं. शिकवता शिकवता लग्न ठरलं, तो भाग वेगळा.

पूर्वी परवाना नवा करायचा म्हणजे परीक्षक केबिनमध्ये पाठीमागे उभा राहायचा आणि आपण खरा कंटेनर उचलायचा. आता प्रशिक्षणाच्या खोलीत एक खुर्ची मांडलीय. दोन्ही हातांशी खऱ्यासारखे दांडे, समोर तीन मोठे पडदे, पडद्यांवर खोटं जहाज आणि खोटा कंटेनर. खाली टेबलाच्या पोटात एक कॉम्प्युटर घुमत असतो. ह्या खुर्चीत आधी चार नंबरवाले काका नापास झाले. त्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो, गोदीतले सगळ्यात जुने तेच. त्यांनी हातमोजे लॉकरवर काढून ठेवले आणि कुणाशी एक शब्द न बोलता घरी गेले. त्यांच्यानंतर आमचे हे. आणि गंमत बघा, कालपरवा भरती झालेली पोरं त्याच खुर्चीतून हसत हसत पास होऊन बाहेर पडली. मग काय, सगळ्या गोदीला पटलं, वय झालं की हात मंदावतात.

हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. घरी आले, बूट काढले, आणि त्या दिवसापासून पेल्यात पाणी अर्धंच भरून घ्यायला लागले. का, तर सांडेल. सुनेने सहज सांगितलं, "बाबा, तेवढा दिवा बदलता का?" तर म्हणाले, "मी नको. पडेन." ज्या माणसाने वादळी वाऱ्यात जहाजाच्या पोटातून कंटेनर असा काढला की बाजूच्या कडेला ओरखडा नाही, तो माणूस स्टुलावर चढायला घाबरला. मला रडू आलं नाही. मला राग आला. इतका, की मी भांडी घासताना दोन कपांचे कान तोडले.

सोमवारी सात नंबरची चावी दुसऱ्या कुणाला द्यायची असं ठरलं होतं. एकदा चावी गेली की गेली, त्या वयात परत कोण वर चढवतंय? म्हणजे माझ्या हातात सोमवारपर्यंतचा वेळ होता.

गुरुवारी मी त्या खुर्चीत जाऊन बसले. माझाही परवाना संपत आला होता, सराव करायचा हक्क होता. खोली सांभाळणारा आमचाच एक जुना गडी, त्याला सगळे शिक्का म्हणतात. कुठलंही काम सांगा, त्याला आधी त्याच्यावर शिक्का हवा असतो. माणूस वाईट नाही. आमच्या ह्यांच्याच हाताखाली शिकला, त्यांना अजून उस्ताद म्हणतो आणि मला वहिनी. बऱ्याच वर्षांपूर्वी क्रेनवरून उतरून टेबलाशी बसला तो बसलाच.

मी कंटेनर उचलला, ट्रॉली पळवली, थांबवली. ओझं पुढे गेलं, टोकाला थबकलं, मी गाठायला गेले आणि झोका वाढला. पुन्हा गाठायला गेले, आणखी वाढला. तिसऱ्या खेपेला पडद्यावरचा कंटेनर देवळाच्या घंटेसारखा हलत होता. शिक्का मागून म्हणाला, "राहू द्या वहिनी, आज अंग बरं नसेल."

माझं अंग ठणठणीत होतं. सकाळीच नऊ नंबरवर दोन डझन कंटेनर उतरवून आले होते. एका जेवणाच्या सुट्टीत कुणाचे हात जातात का? मी दांडे सोडले आणि स्वस्थ बसले. मग नुसती गंमत म्हणून भोंग्याचं बटण दाबलं. भोंगा वाजला की पडद्यावरच्या क्रेनचा पिवळा दिवा चमकतो. भोंगा वाजला. दिवा मागून चमकला. पुन्हा दाबलं. आवाज आधी, दिवा मागून. जेमतेम चुटकी वाजवण्याएवढं अंतर, पण होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मला जे ओझं टोकाला थबकलेलं दिसत होतं ते कधीच परत फिरलेलं होतं. मी बरोबर क्षणी गाठत होते, पण तो क्षण शिळा होता. आणि पोरं पास का होत होती? कारण ती गाठतच नाहीत, वाट बघत बसतात. चित्र उशिरा आलं काय नि वेळेवर आलं काय, वाट बघणाऱ्याला काय फरक पडतो. ज्याला काम येतं, तोच नापास होणार, अशी ही परीक्षा.

"शिक्क्या," मी म्हटलं, "तुझं चित्र उशिरा येतंय."

तो हसला. "वहिनी, नाचता येईना अंगण वाकडं."

"अंगण वाकडं आहे का ते कुणी बघायचं? नाचणाऱ्यानेच ना? तू कधी बसलायस ह्या खुर्चीत?"

"मी कशाला बसू? मला कुठे परवाना हवाय?"

"बस म्हणते ना."

बसला बिचारा. नाही म्हणायची सोय मी ठेवलीच नव्हती. कंटेनर उचलला, नेला, थांबवला, आणि हात आपोआप गाठायला गेले. उस्तादाचा शिष्य, शिकलेलं कुठे जातंय? झोका वाढला. त्याने दुसऱ्यांदा गाठलं, झोका आणखी वाढला. त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता तरी ह्याच्या डोक्यात प्रकाश पडेल. तर हा उठला, पँटला तळवे पुसले आणि हळूच म्हणाला, "बरोबर आहे. माझेही हात गेले वाटतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. ह्याला काय म्हणावं? जे हात जन्मापासून बरोबर आहेत त्यांच्यावर विश्वास नाही, आणि टेबलाखालच्या डब्यावर आहे.

घरी आले ती फणफणतच. आमची सून कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. बोलते कमी, आणि बोलते तेव्हा मला वाकुल्या दाखवल्यासारखं बोलते, पण डोकं आहे. मी तिला भोंग्याची आणि दिव्याची हकीकत सांगितली. तिने जेवतानाच विचारलं, "आई, आवाज वेळेवर आणि चित्र मागे? त्या डब्याला मागे किती वायरी आहेत? पडद्यांच्या वायरी कुठे खुपसल्यात, वर की खाली?"

"वर. का गं?"

"मग त्यात चित्राचं वेगळं कार्ड नाही. स्वस्तातलं काम. चित्र काढायला लागणारी मेमरीही तो मुख्य मेमरीतूनच उसनी घेतो. मेमरी हळू चालली की चित्र लंगडतं." ती थांबली. "आणि मेमरी हळू चालत असणार ह्यावर मी पैज लावते."

"म्हणजे खराब झालीय?"

"नाही हो. मेमरीच्या पट्टीवर वेग लिहिलेला असतो. समजा बत्तीसशे. पण नवी पट्टी बसवली की मशीन तिला तेवढी पळवत नाही. उगाच धोका नको म्हणून एकवीसशेवर चालवतं. कुणीतरी आत जाऊन सांगावं लागतं की बाई गं, हिच्यावर जे लिहिलंय तेवढी पळव. निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं. पैसे बत्तीसशेचे देतात आणि जन्मभर एकवीसशेवर चालवतात."

आमचे हे कोपऱ्यात अर्ध्या पेल्याकडे बघत बसले होते. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "ऐकलंत का? लायकी बत्तीसशेची, आणि कुणी पळवतच नाही." त्यांच्या मानेची शीर हलली ते मी बघितलं.

शुक्रवारी सुनेला घेऊन मी शिक्क्यासमोर उभी राहिले. त्याने आधी दरवाजाच अडवला. "वहिनी, हे मंजुरी मिळालेलं यंत्र आहे. ह्याला हात लावता येत नाही."

"हात नाही लावत," सून म्हणाली. "फक्त आत डोकावते."

तिने मशीन बंद करून सुरू केलं आणि सुरू होतानाच एक बटण दाबून धरलं. निळ्या पडद्यावर आकड्यांची रांग आली. तिने एका ओळीवर बोट ठेवलं. मेमरी, एकवीसशे. मग डब्याची बाजू उघडून टॉर्च मारला. आत दोन पट्ट्या, दोघींवर चिकटवलेला कागद, त्यावर ठळक बत्तीसशे. आणि पडद्यावर खाली एक ओळ, प्रोफाइल, तिच्यापुढे लिहिलेलं, बंद.

"एवढंच," ती म्हणाली. "हे चालू करायचं."

शिक्का घाबरला. "जास्त वेगाने पळवलं आणि जळलं म्हणजे? माझी नोकरी जाईल."

"जास्त कुठे? लिहिलंय तेवढंच पळवतेय. ज्याने बनवलं त्यानेच छापलंय, बत्तीसशे. तुम्ही ट्रकवर दहा टन लिहिलेलं वाचता आणि सहा टन भरून म्हणता, नको बाई, टायर फुटेल. त्यातला हा प्रकार."

मला वाटलं नव्हतं हिला इतकं बोलता येतं. मी मान हलवली. शिक्क्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "मी बघितलंच नाही."

तिने चालू केलं. मशीन बंद झालं, सुरू झालं, आणि पडदे काळे. डब्यातला पंखा घुमला, थांबला, परत घुमला. पडदे काळेच. शिक्क्याच्या कपाळावर घामाचे थेंब. "मेलं," तो म्हणाला, "मेलं बघा वहिनी. आ बैल मला मार केलंत तुम्ही." पंखा तिसऱ्यांदा थांबला. सून मात्र नखं बघत उभी. "नवा वेग अजमावतंय," म्हणाली. "थोडा दम धरा." चौथ्या खेपेला पडदे उजळले. आकड्यांच्या रांगेत बत्तीसशे.

तिने लगेच आम्हाला बसू दिलं नाही. मेमरी चुकते का बघणारा एक प्रोग्रॅम लावला आणि आम्हाला बाहेर चहाला पिटाळलं. परत आलो तर पडद्यावर एकही चूक नाही. मग मी खुर्चीत बसले. आधी भोंगा. आवाज आणि दिवा हातात हात घालून आले. मग कंटेनर. टोकाला थबकला, गाठला, उभा. नुसता उभा. पडद्यावरच्या ट्रेलरवर असा टेकला, जसं झोपलेलं मूल पलंगावर ठेवावं.

शिक्क्याने टेबलावरचा फोन पुढे ओढला. "उद्या सकाळी मॅनेजर बाईंना बोलावतो," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर उस्तादांनी परीक्षा द्यावी."

आता उरलं उस्तादांना आणणं, आणि घोडं तिथेच अडलं. आमचे हे म्हणाले, येत नाही. एकदा सगळ्यांसमोर तोंड काळं झालं तेवढं पुरे. मी समजावलं, सुनेने समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. "यंत्र हळू होतं, हे तुझं प्रेम बोलतंय," म्हणाले. "माझ्या हातांना मी ओळखतो. रोज बघतोय ना, पेला धरला तरी थरथरतात."

"थरथरतात कारण तुम्ही त्यांना रोज सांगताय की थरथरा," मी म्हटलं. "ऐका. उद्या तुम्ही नाही आलात तर मी माझी नऊ नंबरची चावी त्यांच्या टेबलावर ठेवून येईन. मला तुम्ही शिकवलंत. तुमचे हात खोटे तर माझेही खोटे. मग दोघं मिळून अर्धा अर्धा पेला पाणी पिऊ आणि गॅलरीत बसून येणारी जाणारी जहाजं मोजू."

त्यांना माहीत आहे, मी बोलले की करते. सकाळी उठून बघते तर बूट घालून दाराशी उभे.

मॅनेजर बाई वेळेवर आल्या होत्या. सरळ बाई, बोलणं मोजकं, सतत कुठेतरी पोहोचायची घाई. शिक्क्याने यंत्र सुरू केलं. आमचे हे खुर्चीकडे निघाले, आणि मी त्यांच्या दंडाला धरून थांबवलं. आधी भोंगा वाजवून बघू म्हटलं. सवय म्हणा, नाहीतर मन खात होतं म्हणा.

भोंगा वाजला. दिवा मागून चमकला.

मी परत दाबलं. आवाज आधी, दिवा मागून. कालचं सगळं पुसून गेलेलं. आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती, आणि ती मला सोसवेना. त्यांनी दंड सोडवून घेतला आणि दाराकडे वळले.

"हे बघा," मॅनेजर बाई म्हणाल्या, "मला तुमच्या भावना कळतात. पण काल नीट चाललं, आज नाही, असं म्हणायला लागलात तर कुठलीच परीक्षा..."

"दार लावून घे," मी शिक्क्याला म्हटलं. "कुणी बाहेर जायचं नाही." आता बाईंशी असं कुणी बोलतं का? मी बोलले. "काल नीट चाललं. तू होतास की नाही इथे? सांग त्यांना. का तेही बघितलंच नाहीस?"

शिक्का पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वर केली आणि म्हणाला, "बाई, काल चाललं. मी बघितलं." आयुष्यात पहिल्यांदा तो शिक्क्याशिवाय बोलला.

सून एव्हाना पडद्याच्या कोपऱ्याशी वाकली होती. "ही तारीख कुठल्या काळातली आहे?" तिने विचारलं. कोपऱ्यात तारीख होती, कित्येक वर्षांपूर्वीच्या पहिल्या जानेवारीची.

"ती रोज सकाळी तशीच असते," शिक्का म्हणाला. "आम्ही हसतो त्याला. यंत्राचं वय रोज कमी होतं म्हणून."

"आणि संध्याकाळी तुम्ही भिंतीवरचं मुख्य बटण बंद करता?"

"करणारच. नियम आहे."

सून सरळ उभी राहिली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली, मनापासून. "आई, आत नाण्याएवढा सेल असतो. वीज गेली की तारीख आणि ठरवलेला वेग तो लक्षात ठेवतो. हा सेल मेलाय. रोज संध्याकाळी बटण बंद झालं की हे सगळं विसरतं आणि सकाळी परत एकवीसशेवरून सुरू. ज्याने यंत्र बसवलं त्याने वेग बरोबरच ठेवला असणार. सेल मेला, तेव्हापासून ही रड."

"आणि तोपर्यंत म्हातारे पास होत होते का?" मॅनेजर बाईंनी विचारलं. त्या आता घाईत दिसत नव्हत्या.

शिक्क्याने आठवून बघितलं. "होत होते," म्हणाला. "सगळे होत होते. तारीख बिघडली त्यानंतर काका बसले. मग उस्ताद."

हे दाराच्या कडीवर हात ठेवून तसेच उभे होते.

"नवा सेल सोमवारी मागवून..." शिक्का म्हणाला.

"सोमवारी नाही, आत्ता," मी म्हटलं.

सून म्हणाली, "तुमच्या गाडीची चावी द्या."

"माझ्या गाडीची? कशाला?"

"बटण दाबून उघडणारी आहे ना? तिच्यात हाच सेल असतो."

शिक्क्याने मॅनेजर बाईंकडे बघितलं. बाईंनी हात पुढे करून दाखवला, दे म्हणून. त्याने अशा चेहऱ्याने चावी दिली, जसं पोटचं पोर दत्तक देतोय. सुनेने नखाने ती उघडली, सेल काढला, डब्यातला मेलेला सेल उपसून हा बसवला. मशीन सुरू, निळा पडदा, तारीख आजची घातली, बंदचं चालू. पडदे काळे झाले, पंखा थांबला, घुमला, थांबला. ह्या वेळी कुणी मेलं म्हणालं नाही. पडदे उजळले. मग तिने स्वतः भिंतीवरचं मुख्य बटण बंद केलं, सगळ्यांना बघू दिलं, आणि परत लावलं. तारीख आजची. वेग बत्तीसशे.

मी भोंगा दाबला. आवाज आणि दिवा, दोन्ही एकदम.

"या," मी ह्यांना म्हटलं.

ते आले. खुर्चीत बसले. हात दांड्यांवर ठेवले, आणि ते हात खरंच थरथरत होते. सगळ्यांना दिसत होतं. मग त्यांनी कंटेनर उचलला, आणि वजन दोरांवर आलं तसे हात थांबले. ट्रॉली त्यांनी सावकाश नेलीच नाही. सुसाट सोडली, मुद्दाम, आमच्यातलं कुणी सोडणार नाही अशी, आणि मधेच थांबवली. कंटेनर पुढे झेपावला. मॅनेजर बाईंचा श्वास मला ऐकू आला. टोकाला ओझं थबकलं, ह्यांनी गाठलं, आणि ते दोरांखाली असं उभं राहिलं जसं कधी हललंच नव्हतं. तसाच उतरवला. तसाच दुसरा उचलला. तिसऱ्याला मॅनेजर बाई म्हणाल्या, "पुरे. मला कळलं." पण ह्यांनी तिसराही पुरा केला. अर्धवट ओझं हवेत सोडून ते कधी उठले नाहीत.

बाईंनी पर्समधून सात नंबरची चावी काढली आणि पुढे केली. ह्यांनी ती घेतली नाही.

"आधी चार नंबरच्या काकांना फोन जाईल," म्हणाले. "आणि तो हा लावेल." शिक्क्याकडे बोट.

"लावतो उस्ताद. आत्ता लावतो."

"थांब. काय सांगशील?"

"सांगेन... की तांत्रिक अडचण होती, फेरपरीक्षा..."

"बस इथे," हे म्हणाले आणि खुर्चीतून उठले.

"मी कशाला? उस्ताद, माझे हात..."

"बस म्हटलं ना."

शिक्का बसला. गुरुवारी बसला होता तसाच, अंग चोरून. कंटेनर उचलला, नेला, थांबवला. ओझं पुढे गेलं. त्याचे हात क्षणभर घुटमळले, मग गेले गाठायला. झोका मेला. तो समोर बघतच राहिला. परत नेला, परत थांबवला, परत गाठला. मान खाली घालून त्याने बाहीने डोळे पुसले आणि पुसताना लपवलंही नाही. माझ्याही मनातला त्याच्यावरचा राग तिथेच संपला.

"आता लाव फोन," हे म्हणाले.

त्याने खुर्चीत बसूनच लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. बराच वेळ वाजल्यावर पलीकडून काकांचा थकलेला, झोपेतून उठल्यासारखा आवाज आला, "कोण?"

"काका, मी गोदीतून बोलतोय. काका, यंत्र हळू होतं. तुम्ही नव्हता."

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं फोन कापला. मग काकांनी विचारलं, "परत सांग."

"यंत्र हळू होतं काका. तुम्ही हळू नव्हता. आम्ही चुकलो."

मग खाकरल्याचा आवाज, आणि एकदम पूर्वीचे काका, वरच्या केबिनमधून खाली शिव्या घालणारे. "माझे हातमोजे लॉकरवर आहेत. कुणी उचलले असतील तर त्याला सांग, सोमवारच्या आत जागेवर हवेत."

मग ह्यांनी चावी घेतली. मॅनेजर बाई काहीतरी म्हणणार होत्या, बहुतेक दिलगिरी, पण मला आता थांबायला वेळ नव्हता. मी शिक्क्याच्या खांद्यावर टकटक केली.

"सरक," म्हटलं. "माझी परीक्षा अजून बाकी आहे."